मुक्कामाची जबाबदारी कोणाची?

'बेघर' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठराविक चित्र उभे राहते : मळके कपडे, वाढलेली दाढी, पुढे केलेला हात. हे चित्र अपुरे आहे आणि त्यावर आखलेली व्यवस्थाही अपुरीच राहणार. जनगणनेची व्याख्या यापेक्षा नेमकी आहे. रस्त्याकडेला, पदपथावर, पुलाखाली, सिमेंटच्या नळ्यांत, देवळाच्या मंडपात किंवा रेल्वेच्या फलाटावर जो राहतो तो बेघर. तो भीक मागतो की घाम गाळतो याच्याशी त्या व्याख्येला कर्तव्य नाही. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री अशा माणसांची मोजणी झाली तेव्हा देशात ती १७ लाख ७३ हजार आणि महाराष्ट्रात २ लाखांहून अधिक भरली. एका रात्रीत केलेली ही मोजणी. बॅटरीचा उजेड दिसताच जे अंधारात सरकले असतील त्यांचा हिशेब कोणी ठेवला?

पुनावळ्यात राहणाऱ्याला हे फार समजावून सांगावे लागू नये. १९९७ साली आमचे गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. पवनेकाठी जेथे शेते होती तेथे आज उंच इमारती आहेत. त्या बांधणारे मजूर काम पुरे होईपर्यंत पत्र्याच्या खोपटांत राहतात. वर दिवे लागू लागले की खाली खोपटे उठतात. लगेच दुसरे काम मिळाले तर दुसरे खोपट. नाही मिळाले तर महामार्गाच्या पुलाखाली पथारी. पूर्वी परगावचा माणूस रात्री गावात आला तर देवळाच्या ओसरीवर टेकत असे, असे म्हातारी माणसे सांगतात. त्या आठवणीने गहिवरून जाण्याचे कारण नाही. ती ओसरी जात विचारून मिळत असे. परंतु गावात कोण परका निजला आहे हे ठाऊक असणारा एक तरी माणूस तेव्हा होता. आज प्रत्येक फाटकावर रखवालदार आहेत आणि त्यांचे काम एवढेच, की परक्याने आपल्या फाटकापाशी निजू नये.

याचा परिणाम काय होतो ते पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, वाघोलीत, दिसले. डिसेंबर २०२४ मध्ये अमरावतीकडून बांधकामाच्या कामासाठी आलेली काही कुटुंबे केसनंद फाट्यावर पदपथावर निजली होती. मध्यरात्रीनंतर एक डंपर पदपथावर चढला. तिघे गेले, त्यांतली दोन लहान मुले होती. समोरच पोलीस ठाणे होते. चालकाला अटक झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण "येथे निजू नका, अमुक ठिकाणी चला" असे त्या कुटुंबांना सांगणे हे कोणाचे काम होते? पोलिसांचे म्हणावे तर ते गुन्हा घडल्यावर येणार. महापालिकेचे म्हणावे तर तिचे कार्यालय संध्याकाळी बंद होते. ठेकेदाराचे म्हणावे तर कामावर हजेरी लागेपर्यंत तो त्यांना ओळखतच नाही.

कायदा काहीच सांगत नाही असे नाही. १९८१ साली अंतुले मुख्यमंत्री असताना मुंबईतल्या पदपथवासीयांना हुसकून त्यांच्या गावी पाठविण्याचे ठरले. त्याविरुद्ध पत्रकार ओल्गा टेलिस आणि काही पदपथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. १० जुलै १९८५ च्या निकालात न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला, पण रीतसर नोटीस देऊन पदपथ मोकळे करण्याची मुभाही दिली. पुढे २०१० मध्ये अन्नाच्या हक्काच्या खटल्यात त्याच न्यायालयाने मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक, बारा महिने चालणारा निवारा असावा असे आदेश दिले. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात हेच प्रमाण घेतले गेले. माणशी ५० चौरस फूट जागा, आठ-आठ तासांच्या पाळीने तीन काळजीवाहक, शिवाय शिधा, दवाखाना, अंगणवाडी आणि ओळखीच्या कागदपत्रांशी निवाऱ्याची सांगड, असे सगळे त्यात लिहिले होते. २०११ च्या जनगणनेत पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या १७ लाख २७ हजार होती. म्हणजे त्या जुन्या आकड्यानेही शहराला सतरा निवारे हवेत. पिंपरीतल्या 'सावली' केंद्रासारखे निवारे वाढावेत, ही मागणी रास्त आहे. पण मला भांडायचे आहे ते निराळ्याच गोष्टीसाठी. आहे ती खाट आणि आहे तो माणूस यांची गाठ घालून देणारा कोणी नाही.

गेल्या हिवाळ्यात आमच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या गटाला महामार्गाखालच्या रस्त्याकडेला साठीचे एक गृहस्थ पायाला जखम झालेले आढळले. आम्ही त्यांना रुग्णालयात नेले. तेथे मलमपट्टी झाली आणि रात्री दहाला "आता घेऊन जा" असे सांगण्यात आले. कोठे, ते कोण सांगणार? एका निवाऱ्यात फोन केला. त्यांनी पोलिसांचे पत्र मागितले. चौकीवर गेलो, ते म्हणाले, गुन्हा नाही, तक्रार नाही, पत्र कशाचे देऊ? कोणीही उर्मटपणे बोलले नाही, हे मुद्दाम सांगतो. प्रत्येकजण आपल्या नियमाने बरोबर होता. तिसऱ्या दिवशी बाबांना खाट मिळाली आणि पाचव्या दिवशी ते तेथून निघून गेले, कारण पट्टी बदलायला रोज दोन बस बदलाव्या लागत आणि सोबत कोणी नसे. त्यांच्या नावापुढे 'स्वेच्छेने गेले' अशी नोंद झाली असेल.

ही 'स्वेच्छा' जरा तपासून पाहिली पाहिजे. "आम्ही बोलावतो, पण हे लोक येतच नाहीत," हे वाक्य या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी असते. का येत नाहीत? नवरा पुरुषांच्या निवाऱ्यात आणि बायको-मुले दुसरीकडे, अशी ताटातूट कोणते कुटुंब पत्करील? डांगे चौकात सकाळी मजुरांचा अड्डा भरतो. तेथे वेळेवर उभे राहिले नाही तर दिवस बुडाला. निवारा आठ-दहा किलोमीटरवर असेल तर मजूर खाट सोडील, अड्डा सोडणार नाही. हातगाडी, भांडी, गोधड्यांचे गाठोडे ठेवायला जागा नसते. आणि १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा महाराष्ट्रात अजून उभा आहे. भीक मागताना धरलेल्या माणसाला त्याखाली कोंडून ठेवता येते. तेव्हा सरकारी गाडी दिसली की माणूस पळतो, यात नवल कसले? मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. तेथे कर्करोगाच्या रुग्णाबरोबर त्याचे नातेवाईकही राहतात. रुग्ण एकटा येत नसतो, हे तेथे कोणी तरी आधी ध्यानात घेतले.

मदतीचे दूरध्वनी क्रमांक पाहा. मुलांसाठी १०९८, स्त्रियांसाठी १८१, वृद्धांसाठी १४५६७, रुग्णवाहिकेसाठी १०८, पोलिसांसाठी ११२. चाळिशीचा, धडधाकट, कामाच्या शोधात आलेला पुरुष रात्री अकरा वाजता यांतला कोणता क्रमांक फिरवील? त्याला आजारी पडावे लागेल किंवा गुन्हा करावा लागेल.

एवढ्या खात्यांची मोट बांधणे आपल्याकडे अशक्य आहे, असे कोणी म्हणाले तर त्याला मी आषाढी वारीच्या वेळी आकुर्डीला नेईन. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी तेथे विठ्ठल मंदिरात मुक्कामाला असते. हजारो वारकरी एका रात्रीत येतात आणि सकाळी पुढे जातात. कोणती दिंडी कोणत्या शाळेत उतरणार, पाण्याचे टँकर कोठे उभे राहणार, फिरती शौचालये कोठे, दवाखाना कोठे, सगळे आधी ठरलेले असते. महापालिका, पोलीस, देवस्थान आणि गावकरी एकत्र बसतात आणि जबाबदारी वाटून घेतात. वारकऱ्याकडे कोणी आधारकार्ड मागत नाही. मग उरलेल्या रात्रींचे काय?

परदेशातले उदाहरण हवेच असेल तर अमेरिकेतल्या ह्यूस्टनचे घ्यावे. तेथेही संस्था पुष्कळ होत्या आणि जो तो आपली यादी सांभाळून होता. २०१२ पासून शंभरावर संस्थांनी एकच यादी मान्य केली. माणूस कोणाकडेही गेला तरी त्याचे नाव त्याच यादीत आणि गरजेप्रमाणे खोली. दहा वर्षांत पंचवीस हजारांहून अधिक माणसे स्वतःच्या दाराआड राहू लागली. तेथे भाड्यासाठी सरकारी पैसा आपल्यापेक्षा पुष्कळ आहे, हे खरे. आपल्याकडे प्रधानमंत्री आवास योजनेची घरे चऱ्होलीत, बोऱ्हाडेवाडीत झाली. पण त्यांच्या अर्जाला कागद लागतात, आपल्या वाट्याची रक्कम लागते. पुलाखालच्या माणसाला निवाऱ्यातून भाड्याच्या खोलीपर्यंत नेणारी मधली पायरीच आपण बांधलेली नाही. परंतु एक यादी करायला कोणता खजिना लागतो?

महापालिकेची आठ क्षेत्रीय कार्यालये आहेत. प्रत्येकात रात्रपाळीला एक माणूस असावा. आपल्या हद्दीतल्या सगळ्या निवाऱ्यांत आज किती खाटा रिकाम्या आहेत हे त्याला ठाऊक असावे. पोलिसाचे पत्र न मागता दाखल करण्याचा अधिकार त्याला असावा. आणि एकदा दाखल झालेला माणूस दवाखाना, शिधापत्रिका, काम आणि भाड्याची खोली यांपर्यंत पोचेतो त्याच्याच नावावर असावा, म्हणजे मध्येच कोणाला 'स्वेच्छेने' गळू देता येणार नाही. रुग्णालयाने बेवारस रुग्णाला सोडण्यापूर्वी या माणसाला कळवलेच पाहिजे. बांधकामाला परवानगी देतानाच ठेकेदाराकडून मजुरांच्या मुक्कामाची जागा लिहून घ्यावी, आणि काम संपल्यावर खोपटे उठतील त्या तारखेची सूचनाही याच माणसाकडे जावी. पुनावळे, ताथवडे या पट्ट्यात तर हे पहिल्यांदा व्हावे. आमच्या गटाने आठवड्यातून एक रात्र त्याच्याबरोबर फिरायची तयारी दाखविली आहे. पण विद्यार्थी परीक्षेच्या दिवसांत गायब होतात, तेव्हा आमच्यावर विसंबून ही गोष्ट चालणार नाही. अभियानाने निवाऱ्यासाठी तीन काळजीवाहक सांगितले होते, तिघेही निवाऱ्याच्या आतले. हा चौथा बाहेर फिरणारा. त्याचा पगार कोणत्या लेखाशीर्षाखाली घालायचा ते महापालिकेने येत्या अंदाजपत्रकात ठरवावे.