पंखा बंद करा, रेकॉर्डिंग चालू आहे

लग्नाच्या बायोडेटात 'छंद' नावाची एक ओळ असते. वाचन, संगीत, फोटोग्राफी. मुलाकडचे असोत की मुलीकडचे, 'चला, बरं आहे' म्हणतात आणि पगाराच्या ओळीवर जातात. खरं तर इथेच थांबून चार प्रश्न विचारायला हवेत. फोटोग्राफी म्हणजे किती? घरात कुठे? आणि तेवढ्या वेळात मोरी कोणाला मिळणार?

मोरीचं मी उगाच विचारत नाही. आमच्या माहेरी मोरीचीच डार्करूम व्हायची. वडिलांकडे आग्फाचा क्लिक थ्री कॅमेरा होता. १२० नंबरचा रोल, त्यात १२ फोटो. दिवाळीत भरलेला रोल शिमग्यापर्यंत पुरवायची त्यांची जिद्द असे, त्यामुळे एकाच रोलमध्ये आकाशकंदील आणि रंगाने माखलेले आम्ही, असे दोन्ही सण निघत. रोल स्टुडिओत धुवायला देणं मात्र त्यांना कमीपणाचं वाटे. रात्रीची जेवणं आटोपली की मोरीच्या खिडकीला काळा कागद, दाराच्या फटीत टॉवेल, आत कागद छापण्यापुरता लाल बल्ब आणि पाटावर ओळीने तीन ट्रे: डेव्हलपर, पाणी, हायपो. डेव्हलपर २० अंशांच्या आसपास लागतो. आमच्याकडे एप्रिलमध्ये नळालाच कोमट पाणी यायचं. रसायन गरम झालं की घाई करतं आणि निगेटिव्ह काळीकुट्ट निघते. म्हणून आई कोपऱ्यावरून बर्फ आणायची, तो बादलीत घालायची, बादलीत डेव्हलपरची बाटली उभी करायची. मग दाराबाहेर स्टुलावर बसून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मिनिटं ओरडायची. "तीन झाली! साडेतीन!" आतून "हं" यायचं. तेवढ्या वेळात आम्हा भावंडांपैकी कोणाला घाईची लागली तर शेजारच्या काकूंचं दार वाजवायचं, हा घरातला लेखी नसलेला कायदा होता. काकूंनी कधी तक्रार केली नाही. त्यांच्या मुलीचा पहिला वाढदिवस मुंजीच्या थाटात झाला, त्याचे फोटो वडिलांनीच काढले होते.

सकाळी उठलं की खिडकीच्या काचांवर ओले फोटो पालथे चिकटवलेले दिसायचे. काचेला लागून वाळले की कागदाला चकाकी यायची, आणि ऊन चढलं की एकेक फोटो टप्पकन सुटून खाली पडायचा.

छंद वडिलांचा. आईला विचारलं असतं तर तिनेही तेच सांगितलं असतं. पण कोणत्या महिन्यात किती बर्फ लागतो, फोटोचा कागद किती सेकंदांनी उचलला नाही तर काळवंडतो, हे तिला तोंडपाठ होतं. तिच्या हातात कॅमेरा यायचा तो वडिलांचाही एखादा फोटो असावा एवढ्यासाठीच. तेव्हाही ऊन की ढगाळ ते वडील लावून देणार, कुठे उभं राहायचं ते आखून देणार, तिने फक्त खटका दाबायचा.

नाशिकला राहणाऱ्या माणसाला असं काही लिहिताना फाळके टाळता येत नाहीत. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले, गोध्र्याला फोटोग्राफीचा व्यवसाय करून बघितलेले दादासाहेब १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले, ही गोष्ट आपल्याला पाठ असते. विम्याच्या पॉलिसीवर कर्ज काढलं, हेही. मला मात्र त्यांच्या दादरच्या घरातली वाटाण्याची कुंडी जास्त आवडते. चित्रपटाला पैसे घालणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिन्याहून जास्त दिवस थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर मिनिटभरात बी फुटतं, कोंब वर येतो, वेल चढतो. 'अंकुराची वाढ'. आता कल्पना करा, घरात पोरंबाळं आहेत, पाहुण्यांची ये-जा आहे आणि एका कुंडीला महिनाभर कोणी हात लावायचा नाही, कॅमेऱ्याच्या तिकाटण्याला कोणाचा पाय लागायचा नाही. ते मिनिटभराचं चित्र दादासाहेबांचं, हे मान्य. महिनाभर कुंडी शाबूत ठेवणं हे कोणाचं काम असेल, ते कोणत्याही गृहिणीला सांगावं लागणार नाही.

त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई नुसत्या सांभाळून घेणाऱ्या नव्हत्या. दागिने तर गेलेच, पण फिल्म धुणं आणि फिल्मला भोकं पाडणंही त्या शिकल्या. त्या काळी कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची. कॅमेऱ्याच्या दात्यांना ती ओढता यावी म्हणून दोन्ही कडांना भोकं पाडायची, तीही अंधारात, कारण उजेड लागला की फिल्म वाया. एका फुटात १६ चौकटी, दर चौकटीला दोन्ही कडांची मिळून ८ भोकं. 'राजा हरिश्चंद्र' ३,७०० फुटांचा होता असं धरलं तर हिशेब पावणेपाच लाख भोकांच्या घरात जातो. यंत्र होतं, पण ते हाताने चालवायचं. दिवसा घर आणि चित्रपटाच्या माणसांचा स्वयंपाक, रात्री हे. मुलगा भालचंद्र 'राजा हरिश्चंद्र'मध्ये रोहिदास झाला, मुलगी मंदाकिनी पुढे १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये कृष्ण झाली. अख्खं घरच युनिट होतं. परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' हा चित्रपट आला तेव्हा कुठे आपल्यापैकी अनेकांना सरस्वतीबाई नीट भेटल्या.

फाळके थोर होते, यात वाद नाही. माझे वडीलही आपल्या परीने हौशी आणि प्रेमळ होते. मला फक्त एवढंच दिसतं, की घरात एकाला छंद लागला की बाकीच्यांना काही ना काही सोडावं लागतं. कधी मोरी, कधी झोप, कधी दागिने, कधी नुसतं बोलणं. आणि घर कोणासाठी सोडतं, कोणासाठी नाही, यात घराचा सगळा इतिहास असतो.

सासूबाईंचंच बघा. लग्नाआधी त्या गांधर्व महाविद्यालयाच्या परीक्षा देत होत्या, प्रवेशिका पूर्ण झाली होती. पेटी त्यांच्याबरोबर सासरी आली आणि माळ्यावर गेली. कोणी बंदी घातली नव्हती. फक्त पेटी काढून बसावं अशी वेळच दिवसात कुठे नव्हती. सासरे रेडिओवर क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायचे तेव्हा मात्र घर चिडीचूप. डाळ शिजली का हेसुद्धा खुणेने विचारायचं. पुढे सासरे निवृत्त झाल्यावर पेटी खाली आली, भाता दुरुस्त झाला, आणि सासूबाई दुपारी तीन ते चार वाजवू लागल्या. तीन ते चारच का? तेव्हा सगळे झोपलेले किंवा बाहेर असत. स्वतःच्या छंदाचा कोणाला त्रास होऊ नये, ही बायकांनी घोटून घेतलेली सवय. आवाज होणार तो हळू, पसारा होणार तो आधीच आवरलेला.

आता त्या सत्तरीच्या पुढे आहेत. आवाज उतरलाय, पूर्वी काळी चारमध्ये गायच्या, आता काळी तीनवर आल्यात. भजनी मंडळातल्या मैत्रिणींना चाली पाठवायच्या म्हणून नातीला म्हणाल्या, "जरा मोबाइलवर घेऊन दे गं." नात कॉलेजात, व्हिडिओच्या नादातली. 'जरा' हा शब्द तिच्या कोशात नाही.

हिने आधी आमच्या ओट्यावर मटकीचा टाइमलॅप्स केलेला. दर पाच मिनिटांनी एक फोटो, म्हणजे दिवसाचे २८८, आणि सेकंदाला २४ चित्रं धरली तर अख्ख्या दिवसाचे मोड बारा सेकंदांत. तेवढा वेळ ओट्याचा अर्धा भाग तिचा. दिवा बंद करायचा नाही, खिडकी उघडायची नाही, कारण उजेड बदलला की चित्र लुकलुकतं. मी फोडणी दिली तर वाफ काचेवर आली म्हणून बोलणी खाल्ली. तेव्हा मला ती कुंडी आठवली होती. मटकीचं शेवटी उसळीला काही उरलं नाही, दिव्याखाली वाळून गेली.

आजीच्या रेकॉर्डिंगला तर तिने घरच ताब्यात घेतलं. आतल्या खोलीत कपाटाची दारं उघडी टाकली, कारण टांगलेले कपडे आवाज शोषतात. समोरच्या भिंतीवर गोधडी. आजीच्या चेहऱ्यावर गॅलरीतून येणारा उजेड मऊ पडावा म्हणून मी पांढरी चादर ताणून उभी. नवीन एलईडी दिव्याखाली घेतलं तर व्हिडिओत आडवे पट्टे सरकताना दिसायला लागले. आपली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते, तिच्या तालात दिवा लपलपतो, आणि कॅमेऱ्याच्या शटरचा वेग त्याच्याशी जुळला नाही की हे होतं. लेकीने शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर बांधलं, पट्टे गेले. एवढं सगळं झाल्यावर तिने फर्मान काढलं, "बाबा, पंखा!"

नाशिकचा मे महिना. पंखा बंद.

मग कुकर, वॉशिंग मशीन, दाराची बेल, सगळ्यांचा नंबर लागला. वरच्या मजल्यावर चटणीचा मिक्सर लागला तेव्हा नवरा स्वतः जिने चढून "दहा मिनिटं द्याल का?" असं विचारून आला. या माणसाने स्वतःच्या झोपेसाठीसुद्धा कधी असं केलेलं नाही. घरगुती आवाजांतही गोडवा असतो, ते राहू द्यावेत, असं कोणी म्हणेल. तो गोडवा वीस-पंचवीस वर्षांनी येत असेल. ज्याला आज चाल ऐकून बसवायची आहे त्याला कुकरची शिटी ही शिटीच असते. मी पंखा बंद करणाऱ्यांच्या बाजूची आहे.

ॲपने आवाज साफ करता येत नाही का, हे मीही विचारलं. येतो, पण ते ॲप सतत चालणाऱ्या आवाजाला गोंगाट समजतं. पंखा सतत चालतो, तसा तानपुराही सतत चालतो. दोघांनाही ते सारखंच गिळतं. म्हणूनच न्यू जर्सीच्या नणंदेला व्हिडिओ कॉलवर आईचं भजन ऐकू येतं तेव्हा मागचा तानपुरा मधूनच गडप होतो. टाळेबंदीत ऑनलाइन शिकवणारे गाण्याचे मास्तर याच दुखण्याने बेजार झाले होते. झूमवर त्यासाठी 'ओरिजिनल साउंड' नावाची सोय आहे, ती चालू करायला शिकवणं हाच कित्येकांचा पहिला धडा झाला.

तानपुराही आता ॲपवरच. मिरजेहून आलेला भोपळ्याचा तानपुरा सासूबाईंच्या गुरुजींकडे होता, आणि पोरवयात गुरुजींच्या मागे बसून तो छेडायचं काम त्यांना मिळायचं. बाहेरून सोपं वाटतं. चार तारा एकामागून एक, बस. पण पुढे गाणारा ठेक्यावर तान घेतो तेव्हा आपलं बोटही त्या लयीत ओढलं जातं. ते ओढू द्यायचं नाही. तबला काहीही करो, तानपुरा आपल्याच संथपणे चालला पाहिजे. हे सासूबाई सांगतात तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या आवाजात थोडी ऐट येते. मैफल संपली की निवेदक घाईघाईत का होईना, तानपुऱ्यावर कोण होतं त्याचं नाव घेतो. संगीतातली ही रीत मला फार आवडते. फोटोच्या मागे कोणी 'बर्फ : अमुक' असं लिहिलेलं मी तरी पाहिलेलं नाही.

रेकॉर्डिंग झालं. दुसऱ्या अंतऱ्याला खालून भाजीवाला ओरडला, ते परत घेतलं. सासूबाई घामाने डबडबल्या होत्या, पण उठेनात. "अजून एक घेऊ या का?" म्हणाल्या. सगळं घर आपल्यासाठी गप्प बसलंय, हे त्यांच्या आयुष्यात बहुधा नवीन होतं. दोन म्हणता चार भजनं झाली.

रात्री लेकीने व्हिडिओ दाखवला. शेवटी नावं होती: गायन आणि पेटी आजीची, चित्रण आणि संकलन तिचं स्वतःचं. सासूबाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"तानपुऱ्यावर कोण होतं, ते नाही घातलंस?"

"आजी, ते ॲप होतं."

"मग ॲपचं राहू दे. पण ही पोर तासभर चादर धरून उभी होती, तिचं काय?"

लेक मुकाट्याने बसली आणि आणखी ओळी घातल्या. चादर : आई. पंखा आणि वरचा मजला : बाबा. कुकर : आई. हे वाचून नवरा खुर्चीतून उठला. संध्याकाळचा कुकर आमच्याकडे तोच लावतो. "शिटी व्हायच्या आत धावत जाऊन गॅस मी बंद केला," तो म्हणाला, "आणि नाव हिचं?" मुद्दा बिनतोड होता. व्हिडिओ पुन्हा दुरुस्तीला गेला आणि आम्ही पानं घेतली. भात अर्धा कच्चा होता.