आठ मिनिटांची कोळंबी

आमच्या सासऱ्यांना घरात आणि शेजारीपाजारी सगळे अण्णाच म्हणतात. वय 84. मूळ गाव मालवणजवळचे, त्यामुळे कोळंबी हा शब्द त्यांच्या तोंडी कधी येत नाही; त्यांच्या लेखी ती सुंगटे. चार वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि घरी परतल्यावर आम्ही सर्वांनी मिळून त्यांच्या ताटातून सुंगटे काढून टाकली. ‘कोळंबीत कोलेस्टेरॉल फार’ एवढे एक वाक्य त्याला पुरेसे झाले. अण्णांनी तक्रार केली नाही. पेज, वरणभात, चहात बुडवलेले टोस्ट यांवर ते दिवस काढू लागले.

गेल्या वर्षीच्या तपासणीत त्यांचे वजन पाच किलोने घटलेले आढळले. खुर्चीतून उठताना त्यांना दोन्ही हात टेकावे लागत होते. डॉक्टरांनी दिवसभराचा आहार विचारला आणि मग म्हणाले, ‘‘मासे, कोळंबी बंद कोणी केली?’’ आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. बंद करायला त्यांनी सांगितलेलेच नव्हते. ती आमच्या भीतीने बंद केली होती.

ही भीती पुष्कळ घरांत आहे, म्हणून तिचा थोडा हिशेब मांडते. शिजवलेल्या 100 ग्रॅम कोळंबीत सुमारे 190 मिलिग्रॅम कोलेस्टेरॉल असते, म्हणजे साधारण एका अंड्याइतके. परंतु बहुतेकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल वाढविण्यात अन्नातील कोलेस्टेरॉलपेक्षा संपृक्त स्निग्धांशाचा वाटा मोठा असतो आणि कोळंबीत एकूण स्निग्धांशच जेमतेम एक-दोन ग्रॅम. उलट तिच्यात प्रथिने 20 ते 24 ग्रॅम. प्रश्न कोळंबीपेक्षा तिच्याभोवती आपण जे घालतो त्याचा अधिक असतो: तळणीचे तेल, नारळाचा दाट रस आणि सढळ हाताने घातलेले मीठ.

प्रथिनांचा मुद्दा वृद्धांसाठी विशेष महत्त्वाचा आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम प्रथिने सुचविली. उतारवयात स्नायू झिजत असल्याने ही गरज 1 ते 1.2 ग्रॅमपर्यंत धरावी, असे अनेक तज्ज्ञ सांगतात. भूक मंदावलेल्या माणसाला पेज-टोस्टवर हे प्रमाण गाठता येत नाही. अशा वेळी जन्मभर आवडलेला पदार्थ समोर आला, तर चार घास आपोआप जास्त जातात.

तेव्हा सुंगटे पुन्हा आली, पण तळलेली नकोत म्हणून मी ओव्हनचा आधार घेतला. पहिल्या दिवशी ‘नीट शिजावीत’ या काळजीने 20 मिनिटे ठेवली. रंग सुरेख आला, घरभर लसणीचा वास सुटला. अण्णांनी दोन तुकडे तोंडात घोळवले आणि ताट हळूच बाजूला सारले. ‘‘पोट भरला गो,’’ म्हणाले. मी आग्रह केला तेव्हा हसून म्हणाले, ‘‘सुंगटां बरी आसत, पण दात माझे नाय!’’ कवळीने ती चावतच नव्हती. आम्ही आग्रह केला नसता, तर त्यांची भूक मेली असेच समजून बसलो असतो.

मटण जितके शिजवावे तितके मऊ होते, कारण त्यातील चिवट तंतू हळूहळू विरघळतात. कोळंबीचे याच्या उलट आहे. तिचे मांस मुळातच कोवळे असते. उष्णता वाढत गेली की प्रथिने आकसतात, आतले पाणी बाहेर पडते आणि रबरासारखा तुकडा उरतो. म्हणून ओव्हनमधल्या कोळंबीत सर्वांत महत्त्वाचा जिन्नस म्हणजे वेळ. आता आमच्याकडे ती अशी होते.

दोन माणसांसाठी साफ केलेली 200 ग्रॅम कोळंबी घ्यावी. साधारण बोटभर लांबीची असावी. पाठीतला काळा दोरा काढावा आणि शेपटीचे टरफलही ठेवू नये. दिसायला छान दिसले, तरी वृद्धांच्या घशात ते अडकू शकते. धुतल्यावर कोळंबी स्वच्छ फडक्याने नीट टिपावी. पाणी राहिले की ती भाजण्याऐवजी उकडते. चहाचे दोन चमचे तेल, ठेचलेल्या चार लसूण पाकळ्या, पाव चमचा हळद, थोडी मिरपूड आणि एक चमचा कोकमाचे आगळ तिला चोळावे. आगळ बहुधा खारवलेले असते. तसे असल्यास वेगळे मीठ घालू नये. हे लावून पंधरा मिनिटेच ठेवावे. आंबटात फार वेळ राहिल्यास तिचा पोत बिघडतो.

तोवर ओव्हन 200 अंश सेल्सियसला दहा मिनिटे तापवून घ्यावा. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्ह असेल, तर कन्व्हेक्शनचीच कळ दाबावी. तेलाचा हात फिरविलेल्या ट्रेमध्ये कोळंबी एका थरात, एकमेकींना न चिकटवता मांडावी आणि आठ मिनिटांचा गजर लावावा. मग एक मोठा तुकडा मधोमध कापून पाहावा. आतले मांस काचेसारखे पारदर्शक न राहता पांढरे व घट्ट दिसले, की झाले. नाहीतर आणखी एक-दोन मिनिटे द्यावीत. बाहेरचा गुलाबी रंग आत शिजण्याआधीही येतो, म्हणून केवळ रंगावर विसंबू नये. वृद्धांना अर्धवट शिजलेली कोळंबी देणे धोक्याचे आहे. स्वयंपाकाचा तापमापक असल्यास आत 63 अंश सेल्सियस दिसावे. वळणाचीही एक खूण आहे: अर्धचंद्रासारखी वळली तर बेत जमला; शेपूट डोक्याकडे येऊन गोल वेटोळे झाले, तर वेळ उलटली.

कवळी असणाऱ्यांसाठी तुकडे कातरून मऊ भातात कालवावेत, वर सोलकढीचा ओलावा द्यावा. गिळताना ठसका लागत असेल, तर असा आहार देण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

ओव्हनचा एक लाभ काळजीवाहकांना लगेच जाणवेल. उघडी ज्योत नाही, तळणीसमोर उभे राहणे नाही, आणि वेळ भरली की तो स्वतः बंद होतो. मात्र त्याचा दरवाजा आणि बाहेरचे अंग चांगलेच तापते. मधुमेहामुळे बोटांची संवेदना कमी झालेल्यांना चटका उशिरा कळतो. म्हणून ट्रे काढण्याचे काम घरातील धडधाकट माणसाने, जाड हातमोजे घालूनच करावे.

काही घरांत हा पदार्थ टाळावाच लागेल. कोळंबीची अ‍ॅलर्जी भाजल्याने जात नाही आणि ती प्रौढपणीही उद्भवू शकते. खाल्ल्यावर अंगावर गांधी, ओठांना सूज किंवा श्वासाला त्रास झाला, तर तातडीने रुग्णालय गाठावे. गाऊट, वाढलेले युरिक अ‍ॅसिड किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे. महाराष्ट्रात 1 जून ते 31 जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा गोठवलेली कोळंबी घेतली जाते. रक्तदाब असणाऱ्यांनी तिच्या पाकिटावरील सोडियमचा आकडा वाचावा आणि ती ओट्यावर न ठेवता फ्रिजच्या खालच्या कप्प्यात वितळू द्यावी. अमोनियासारखा उग्र दर्प येणारी कोळंबी सरळ टाकून द्यावी. उरलेली शिजवलेली कोळंबी दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये जावी.

अण्णांचे वजन सहा महिन्यांत दोन किलोने वाढले. त्यात डाळी, अंडी, दूध आणि रोजच्या व्यायामाचाही वाटा आहे. सारे श्रेय सुंगटांना देणार नाही. पण आठवड्यातून एकदा, ओव्हनचा गजर वाजायच्या आधीच अण्णा कवळी लावून टेबलाशी येऊन बसलेले असतात. आपल्या घरातील ज्येष्ठांच्या ताटातून गेल्या काही वर्षांत काय काय नाहीसे झाले आणि ते डॉक्टरांनी काढले की आपण, हे या पंधरवड्यात एकदा आठवून पाहावे. उत्तर ‘आपण’ असे आले, तर पुढच्या तपासणीला जाताना तो प्रश्न चिठ्ठीवर लिहून सोबत न्यावा.