हरलीस तरी खेळायचं

श्रीपूरला बायकांच्या बैठकीत एक आई म्हणाली, “उद्या पोरीची खो-खोची मॅच. बाप म्हणतोय, हरलीस तर खेळ बंद, स्थळं बघतो.” मुलाला अशी अट कोण घालतं? त्याला अंडी-दूध; हिला सामन्याच्या दिवशीही झाडलोट, पाणी. (पाळी आली असेल तर तीही गुपचूप सोसायची.)

शेजारच्या सातारा जिल्ह्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावी आली. पदक नाही. पण १९८४च्या पी. टी. उषानंतर ट्रॅकवरच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय बाई. तिलाही ‘खेळ बंद’ म्हणायचं का?

मैत्रिणींनो, आदल्या रात्री पोरीला पोटभर जेवू घाला, लवकर झोपू द्या. आणि पुढच्या वर्षीही खेळायचं, हे बापाच्याच तोंडून सामन्याआधी तिच्या कानावर पडू द्या.