खेळायला चालतो, कप्तान चालत नाही

उच्च शिक्षणसंस्थांतील भेदभाव रोखण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने १३ जानेवारीला काढलेली नवी नियमावली २९ जानेवारीला सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केली. शिक्षणसंस्थांतल्या जातीय छळाच्या आरोपांनंतर आत्महत्या केलेले विद्यार्थी रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या आया २०१९ पासून ज्या याचिकेसाठी न्यायालयाच्या पायऱ्या झिजवत आहेत, तिच्या रेट्यातून आलेले हे नियम पुरते तीन आठवडेही टिकले नाहीत. तरतुदी संदिग्ध आहेत, त्यांचा गैरवापर होऊ शकतो, असे कारण दिले गेले. जी तरतूद संदिग्ध वाटली तेवढी रोखता आली असती. रोखली गेली ती सगळी नियमावली. पुन्हा २०१२ चे जुने नियम लागू झाले, म्हणजे रोहितच्या वेळी होते तेच आणि पायलच्या वेळी होते तेच. त्या नियमांनी यांतल्या एकालाही वाचवले नाही.

आता एप्रिल उजाडेल. ८ ते १४ तारखेदरम्यान सामाजिक समता सप्ताह साजरा होईल. मुंबई विद्यापीठाच्या महाविद्यालयांत समता दौड निघेल, रस्सीखेच होईल, विभागाविभागांत क्रिकेटचे सामने होतील, बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घातला जाईल आणि पाहुणे सांगतील की खेळात जात नसते, मैदानावर सगळे सारखेच. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या मुलांनी हे वाक्य इतक्यांदा ऐकले आहे की ते त्यांना पाठ असेल. हे वाक्य खोटे आहे, आणि विद्यापीठासारख्या जागी उभे राहून ते बोलू नये. या राज्यात क्रिकेट रुजले तेव्हापासून खेळात जात होती. ती नेमकी कुठे होती, हे पळवणकर बंधूंनी शंभर वर्षांपूर्वी सगळ्यांना दाखवून दिले आहे.

बाळू पळवणकर चर्मकार समाजातले. पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर ते खेळपट्टीची देखभाल करत. सरावात कॅप्टन ग्रेगसारख्या फलंदाजाला तासन्‌तास गोलंदाजी करत, पण त्यांच्या हाती बॅट कधी कुणी दिली नाही. ही डावखुरी फिरकी गोऱ्यांना हरवू शकते हे हिंदू क्रिकेटपटूंच्या ध्यानात आले, तेव्हा त्यांना संघात घेतले गेले. चेंडू त्यांनी हाताळला तर चालत होता, कारण त्याशिवाय बळी मिळत नव्हते. चहा मात्र त्यांना पॅव्हेलियनच्या बाहेर, वापरून फेकायच्या मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे पानही वेगळे. ज्यांच्या बरोबर खेळता त्यांच्या पंक्तीला बसायला काय हरकत आहे, हे न्यायमूर्ती रानडे यांना जाहीरपणे सांगावे लागले.

पुढे पंक्ती सैल झाल्या. १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंचे आठ बळी होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी घेतले. परतल्यावर दलित समाजाने त्यांचा सत्कार केला आणि त्या सत्काराशी तरुण भीमराव आंबेडकरांचे नाव जोडलेले आहे. त्या काळातला देशातला सर्वांत मोठा गोलंदाज कोण, याबद्दल कुणाच्या मनात शंका नव्हती. तरीही हिंदू संघाचे कप्तानपद वर्षामागून वर्षे दुसऱ्याकडे जात राहिले. कप्तान झालेल्या एम. डी. पै यांनीच १९१३ मध्ये आपल्या सत्काराच्या सभेत सांगितले की हा मान खरे तर बाळूंचा होता. ज्याला खुर्ची मिळाली तो माणूस सांगत होता, पण खुर्ची वाटणाऱ्यांनी ऐकले नाही. १९२० मध्ये पै आजारी पडले तेव्हा ती जागा बाळूंचे भाऊ विठ्ठल पळवणकरांना डावलून संघातल्या देवधरांना दिली गेली आणि बाळूंना तर संघातूनच वगळले. विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी आपली नावे मागे घेतली आणि हा जातीचा अन्याय आहे, असे जाहीरपणे सांगितले. लोक त्यांच्या बाजूने उभे राहिले. १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाले, हिंदूंनी युरोपियनांना हरवले आणि प्रेक्षकांनी त्यांना खांद्यावर घेतले.

या इतिहासात एकत्र खेळण्याला पाव शतकाहून अधिक काळ कुणाची हरकत नव्हती. हरकत होती ती कप्तानपदाला. संघभावनेने जात गेली नाही. दोन भाऊ संघाबाहेर पडले, तक्रार केली, ती छापून आणली, तेव्हा ती थोडी हलली. समता सप्ताहात सांगायची गोष्ट ही आहे. विठ्ठल पळवणकरांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र मराठीतच लिहिले, ते १९४८ मध्ये आले. शारीरिक शिक्षणाच्या किती विद्यार्थ्यांच्या हाती ते कधी दिले गेले?

जगातही हेच झाले. अमेरिकेत दर १५ एप्रिलला बेसबॉलचा प्रत्येक खेळाडू ४२ क्रमांकाचा सदरा घालतो, कारण १९४७ मध्ये त्या दिवशी कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सन गोऱ्यांच्या लीगमध्ये उतरला. पण त्याच लीगमध्ये पहिला कृष्णवर्णीय व्यवस्थापक मैदानावर दिसायला १९७५ साल उजाडले. अठ्ठावीस वर्षे काळ्या माणसाने धावायचे आणि गोऱ्याने त्याला कुठे उभे राहायचे ते सांगायचे, असे चालले. वेस्ट इंडीज १९२८ पासून कसोटी खेळत होते, पण कृष्णवर्णीय फ्रँक वॉरेलला मालिकेचा कप्तान करायला १९६० पर्यंत थांबावे लागले. त्यासाठी सी. एल. आर. जेम्स यांच्यासारख्या लेखकाला वृत्तपत्रातून मोहीम चालवावी लागली. दक्षिण आफ्रिकेचा कप्तान टेंबा बव्हुमा ‘कोट्यातला’ म्हणून हिणवला गेला. त्याने गेल्या जूनमध्ये लॉर्ड्सवर कसोटीचे जागतिक अजिंक्यपद जिंकले आणि नोव्हेंबरमध्ये आपल्याच घरी येऊन आपल्याला २-० असे हरवले. ‘कोट्यातला’ हा शब्द आपल्या महाविद्यालयांच्या कट्ट्यांवर रोज उच्चारला जातो. प्रवेश यादी लागली की उच्चारला जातो, शिष्यवृत्तीची रांग लागली की उच्चारला जातो.

आणि आपल्या संघाचे काय? २४ ऑक्टोबर २०२१ ला दुबईत पाकिस्तानविरुद्धच्या सामन्याआधी भारतीय खेळाडूंनी वर्णद्वेषाच्या निषेधार्थ गुडघा टेकला. त्याच सामन्यात हरल्यावर त्याच संघातल्या महंमद शमीला त्याच्या धर्मावरून शिव्या घालण्यात आल्या. त्याआधी अडीच महिन्यांपूर्वी टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य फेरीत हॉकीचा महिला संघ हरला, तेव्हा वंदना कटारिया हिच्या हरिद्वारच्या घरासमोर फटाके फोडून जातीवरून शिवीगाळ झाली. तिने त्याच स्पर्धेत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले होते. अमेरिकेतल्या काळ्यांसाठी गुडघा टेकायला आपल्याला वेळ लागत नाही. तसे टेकण्यात गैर काहीच नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांनाच अर्पण केले होते. पण त्यांनी ते अर्पण केले ते आपल्या लोकांनीही तसेच वागावे म्हणून.

आता उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या आपल्या तीन शहरांकडे वळू. मिसळलेला वर्ग कसा असतो, हे पाहायला महाराष्ट्रात यापेक्षा चांगली जागा मिळणार नाही. उल्हासनगर हे शहरच मुळी निर्वासितांचे. कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून उखडून आलेली कुटुंबे आणून ठेवली आणि ८ ऑगस्ट १९४९ ला या वस्तीला नाव मिळाले. तिथे आजही पत्ता सांगताना कॅम्पचा नंबर सांगतात. अंबरनाथला आयुध निर्माणी, विम्को आणि पुढे एमआयडीसीने कोकण, मराठवाडा, विदर्भापासून दक्षिणेपर्यंतचा कामगार आणला. बदलापुरात इमारतींच्या पलीकडे कातकरी आणि ठाकर पाडे आहेत आणि अलीकडे मुंबईत घर न परवडलेला सगळा मध्यमवर्ग आहे. सिंधी, बौद्ध, आगरी, उत्तर भारतीय, तमिळ, मराठा, आदिवासी अशा घरांतली मुले एका बाकावर बसतात. गेल्या नोव्हेंबरमध्ये याच पट्ट्यात कल्याणच्या एका एकोणीस वर्षांच्या विद्यार्थ्याला लोकलमध्ये हिंदीत बोलला म्हणून मारहाण झाली, असे त्याच्या वडिलांनी सांगितले. घरी येऊन त्याने जीव दिला. मुलगा मराठीच होता हो, असे म्हणत अनेकजण हळहळले. तो मराठी नसता तर चालले असते का?

या पट्ट्यात टेनिस क्रिकेट जोरात चालते, रात्री उजेडात सामने होतात, यूट्यूबवर थेट दिसतात, विजेत्याला मोटारसायकल मिळते. हल्ली एक नवीन प्रकार वाढला आहे. अमुक समाजाचा चषक, तमुक समाजाची प्रीमियर लीग, आणि खाली छापलेले ‘फक्त समाजबांधवांसाठी’. नोंदणीला आडनाव पाहतात. या स्पर्धांना नगरसेवक येतात, आमदार येतात, सगळ्या पक्षांचे फलक लागतात. धर्मावर संघ पाडणारी मुंबईची पंचरंगी स्पर्धा गांधीजींनी डिसेंबर १९४० मध्ये निषेध केल्यावरही रेटली गेली आणि शेवटी १९४६ मध्ये बंद पडली. ऐंशी वर्षांनी आपण तिथून पुढे गेलो नाही, मागे गेलो. तेव्हा निदान हिंदूंचा संघ एक होता. आज एका गावात चार जातींचे चार चषक आहेत आणि खेळणारी मुले याच महाविद्यालयांत शिकतात. शनिवारी रात्री जातीच्या संघातून खेळायचे आणि सोमवारी समता दौडीत धावायचे, असे त्यांचे चालते. या फलकांबद्दल एकाही प्राचार्याने तोंड उघडल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

स्थगित झालेल्या नियमावलीत काय होते, हे म्हणूनच पाहायला हवे. संस्थेत समता समिती, तिच्यात अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, महिला आणि अपंग यांचे प्रतिनिधी बंधनकारक. तक्रार आली की चोवीस तासांत बैठक, कामकाजाच्या पंधरा दिवसांत अहवाल, पुढच्या कामकाजाच्या सात दिवसांत संस्थाप्रमुखाची कारवाई. कुचराई केली तर आयोगाच्या योजना बंद, पदवी अभ्यासक्रमांची परवानगी जाण्यापर्यंतची शिक्षा. निर्णय घेणाऱ्या टेबलाशी त्या मुलांची माणसे बसवायची, हे त्यातले मर्म होते. कप्तानपदच ते. म्हणूनच एवढा गहजब झाला. समता दौडीला कोणी कधी न्यायालयात आव्हान दिले आहे? रस्सीखेचीवर कुणी कधी स्थगिती मागितली आहे? सण साजरा करा म्हटले तर सगळे तयार, समितीत खुर्ची द्या म्हटले की समाज दुभंगण्याची भीती वाटू लागते.

खुल्या गटातल्या मुलांना खोट्या तक्रारींची धास्ती वाटते, असे सांगितले जाते. त्यांच्यासाठी चौकशी समिती असतेच, खोटे तिथे उघडे पडेल. आकडे मात्र वेगळ्या दिशेने बोट दाखवतात. आयोगानेच संसदीय समितीला दिलेल्या माहितीनुसार जातीय भेदभावाच्या तक्रारी २०१९-२० मध्ये १७३ होत्या, त्या २०२३-२४ मध्ये ३७८ झाल्या. कोट्यवधी विद्यार्थ्यांच्या देशात ३७८. तक्रार करायला मुले किती घाबरतात, हे या आकड्यावरून समजते. डॉ. पायल तडवी भिल्ल समाजातली, जळगावची, डॉक्टर होऊन मुंबईच्या नायर रुग्णालयात पुढचे शिक्षण घेणारी. तिच्या घरच्यांनी छळाची तक्रार केली होती, असे ते पहिल्या दिवसापासून सांगत आले आहेत. २२ मे २०१९ ला ती गेली. तक्रार ऐकायला कुणाला किती दिवसांची मुदत होती? पाळली नाही तर कुणाचे काय बिघडणार होते? २०१२ च्या नियमांत अधिकारी नेमायचा आहे, साठ दिवसांत निकाल द्यायचा आहे, पण संस्थेने काहीच केले नाही तर संस्थेला धाक कोणताच नाही. आज आपण त्याच नियमांपाशी परत येऊन उभे आहोत.

तरीही हात वर करून चालणार नाही. न्यायालयाने नवे नियम थांबवले आहेत, जुने नाही. साठ दिवस ही बाहेरची मर्यादा आहे. पंधरा दिवसांत निकाल देऊ नका, असे कोणत्याही न्यायालयाने सांगितलेले नाही. समितीवर दलित, आदिवासी विद्यार्थ्यांचे प्रतिनिधी घेऊ नका, असेही सांगितलेले नाही. मुंबई विद्यापीठाला हे आपल्या संलग्न महाविद्यालयांना परिपत्रक काढून उद्या सांगता येईल. जिमखान्याच्या निवड समितीत कोण आहे, संघाचा कप्तान कोण ठरवतो, सरावाची वेळ लोकलने येणाऱ्या आणि संध्याकाळी काम करणाऱ्या मुलाला जमते का, स्पाइक्सचे पैसे कोण देतो, हेही विचारता येईल. आदिवासी पाड्यावरून येणारी मुलगी क्रॉसकंट्रीत पहिली आली की तिचा फोटो महाविद्यालयाच्या माहितीपत्रकावर झळकतो. विद्यार्थी परिषदेत ती का नाही, हे तिला कोणी विचारत नाही.

८ एप्रिलला अजून वेळ आहे. तोवर या तिन्ही शहरांतल्या प्रत्येक महाविद्यालयाने भेदभावविरोधी अधिकाऱ्याचे नाव, फोन नंबर आणि गेल्या तीन वर्षांत आलेल्या व निकाली काढलेल्या तक्रारींचा आकडा फलकावर लावावा. तो फलक प्राचार्यांच्या दालनाबाहेर नको. जिमखान्याच्या दाराशी लावा, जिथे सगळी मुले जातात. ज्या महाविद्यालयाकडे लावायला नाव नसेल, त्याने या वर्षी समता दौड काढू नये.