बांधलेल्या होड्या

चित्रवर्णनासाठी हिवाळ्यातल्या एका बंदराचा फोटो वर्गात लावला. धुकं, स्थिर पाणी, काठाला बांधलेल्या होड्या. बघून मन खरंच निवांत होतं. पण आपल्या शहापूर-मुरबाडकडे हिवाळा म्हणजे विसावा नव्हे. भातकापणी आटोपली, दिवाळी झाली, की कातकरी कुटुंबं वीटभट्ट्यांवर निघतात, सोबत मुलंही. पावसाळा येईपर्यंत त्यांच्या जागा रिकाम्या.

म्हणून वाटतं, असा फोटो दाखवून लगेच प्रश्नांची सरबत्ती करू नये. दोन मिनिटं मुलांना नुसतं बघू द्यावं. थकलेल्या जिवाला तेवढाही आराम पुरतो. आणि भट्टीवर निघालेल्याच्या हाती शिक्षण हमी कार्ड जरूर द्यावं, म्हणजे तिथल्या शाळेत त्याला बसता येईल. होडीला काठ मिळतो, तसा पोरालाही मिळायला हवा ना!