आठवड्याचे एक पान

लिहायची इच्छा नसलेला मराठी माणूस शोधायचा म्हटले, तर बरेच हिंडावे लागेल. कोणाच्या मनात कादंबरी असते, कोणाला वडिलांचे चरित्र लिहायचे असते, कोणाची कवितांची वही कपाटात साड्यांच्या घडीखाली असते. विचारले की उत्तर ठरलेले, ‘सध्या वेळच मिळत नाही हो. रिटायर झाल्यावर बघू.’

मी शाळेत शिकवते आणि गेली पंचवीस वर्षे स्टाफरूममध्ये हे उत्तर ऐकते आहे. ते खोटे नाही. सकाळचे डबे, लोकल, तपासायच्या पेपरांचे गठ्ठे, सासूबाईंची औषधे, त्यात आता मोबाइलवरच्या ग्रुपांची भर. एवढ्यातून वेळ उरत नाहीच. पण मला वाटते, आपले अडते ते वेळेपेक्षा मापाशी. आपण ठरवतो कादंबरी, आणि हाताशी असतात वीस मिनिटे. मग ती वीस मिनिटे अगदीच क्षुल्लक वाटू लागतात आणि वर्तमानपत्र चाळण्यात जातात.

इंग्लंडमधला अँथनी ट्रोलप हा कादंबरीकार टपाल खात्यात तेहेतीस वर्षे नोकरीला होता. पहाटे साडेपाचला तो टेबलाशी बसे आणि घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांना अडीचशे शब्द लिही. अशा रीतीने त्याच्या ४७ कादंबऱ्या झाल्या. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये आत्मचरित्र निघाले आणि त्यात हा हिशेब वाचून पुष्कळ रसिक नाराज झाले. प्रतिभा म्हणजे काय गिरणी आहे? मला मात्र त्यातली दुसरीच नोंद महत्त्वाची वाटते. पहाटे उठवून कॉफी आणून देण्यासाठी त्याने एका नोकराला वर्षाला पाच पौंड जादा ठरवले होते. आपल्याकडे पहाटे लिहू पाहणाऱ्या बाईला चहा आणून देणारे कोणी नसते. सगळ्यांचा चहा तीच करत असते. म्हणून ट्रोलपचा आकडा आपण घेऊ नये. नेमाने बसण्याची सवय तेवढी घ्यावी.

बहिणाबाई चौधरींचे उदाहरण आपल्या जास्त जवळचे. त्यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात आणि जात्यावर काम करता करता गाणी सुचत. त्या जगण्यात ओवीच बसू शकत होती, आणि ती बसली. घरच्यांनी त्यातली काही वेळीच टिपून ठेवली. १९५१ मध्ये त्या गेल्या, १९५२ मध्ये पुस्तक निघाले. जी टिपली गेली नाहीत ती त्यांच्याबरोबरच गेली. म्हणजे आपल्या दिवसात मावेल असा लेखनप्रकार निवडायला हवा, आणि सुचलेले त्याच दिवशी कागदावर उतरवायला हवे. नारायण सुर्वे गिरणीत राबले, शाळेत शिपाई झाले, मग शिक्षक. १९६२ मध्ये ‘ऐसा गा मी ब्रह्म’ आले. ज्याच्यापाशी सलग महिना नाही, त्याने कविता, ललित लेख, आठवणी यांच्यापासून सुरुवात केली तर त्यात कमीपणा कसला?

आता हिशेब. नवे कॅलेंडर भिंतीवर लागले की मी त्यातले न लिहायचे आठवडे आधी खोडते. परीक्षांचे, निकालांचे, गणपतीचे, दिवाळीच्या फराळाचे, घरातल्या लग्नाचे, शिवाय आजारपणासाठी दोनचार राखीव. बावन्नांतले तीसेक उरतात. आठवड्याला एक फुलस्केप पान, म्हणजे तीस पाने. त्यात तीन कथा होतात. कादंबरी म्हणाल तर दीडशे पानांना पाच वर्षे लागतील, आणि ती लागणार हे पहिल्याच दिवशी ठाऊक असलेले बरे. छापून यावे, बक्षीस मिळावे, ही उद्दिष्टे यात धरू नयेत. ती संपादकाच्या हातची. दिवाळी अंकाला कथा द्यायची असली तर ती पावसाळ्याच्या तोंडाशी पुरी हवी, एवढेच आपल्या हातचे. चुकलेल्या आठवड्याचे पान पुढच्या आठवड्यावर चढवू नये, हेही सांगून ठेवते. उपासासारखी थकबाकी साठली की वहीच उघडावीशी वाटत नाही.

निवृत्तीची वाट पाहण्यात एक धोका असा, की मजकूर थांबत नाही. आमच्या शाळेतल्या एका बाईंना आपल्या आजीवर लिहायचे होते. आजी कोकणातल्या. त्यांच्या बोलण्यातले शब्द, शिव्या, सुईणपणातल्या हकिगती यांचा मोठा साठा बाईंपाशी होता, आणि त्या तो मधल्या सुटीत आम्हाला ऐकवत. गेल्या वर्षी एका हकिगतीच्या मध्येच त्या थबकल्या. वारेला आजी काय म्हणायच्या, तो शब्दच आठवेना. आईला विचारावे तर आई राहिली नव्हती. त्या दिवशी त्यांचा डबा तसाच राहिला.

त्यानंतर त्यांनी रविवार सकाळचा एक तास मागून घेतला. मागून घेतला असेच म्हणायला हवे, कारण बाईमाणसाने दार लोटून तासभर काही न शिजवता बसायचे, ही गोष्ट घरात बोलून ठरवावी लागते. ‘काही अडले तर हाक मारा’ असे म्हटले की हाका येतातच. म्हणून त्यांनी ते म्हटले नाही. पहिले तीन रविवार मुलांनी दार वाजवलेच. चौथ्या रविवारी नाही.

परवा त्यांनी सतरावे पान वाचायला दिले. त्यात आजी होडीतून पलीकडच्या गावी बाळंतपणाला निघाल्या आहेत, रात्र आहे, आणि नाडीला बांधायचा दोरा घरीच राहिला आहे. पुढे काय झाले ते अजून लिहायचे आहे. ते पान लिहिताना नवरा एकदाच आत डोकावला म्हणे, डाळीला किती शिट्ट्या द्यायच्या ते विचारायला. बाईंनी वर न पाहता तीन बोटे दाखवली.