तो प्रस्ताव कुणी पाठवायचा होता?

मे २०२४. लोकसभेचा प्रचार संपत आला होता. मी नोकरीला पुण्यात असलो तरी माझं मत अजून मराठवाड्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावीच आहे, म्हणून दोन दिवस आधी घरी पोचलो होतो. असरनंतर मोहल्ल्यात एका उमेदवाराची कॉर्नर सभा होती. भाषण झालं, संविधान वाचवायचं आहे हे सांगून झालं, टाळ्या झाल्या. तेवढ्यात मागून बी.एस्सी.ला असलेला एक मुलगा उठला आणि म्हणाला, "साहेब, २०१९ ते २०२२ तुमचंच सरकार होतं. आमच्या पाच टक्के आरक्षणाचं तेव्हा काय झालं?"

उमेदवाराला उत्तर द्यावंच लागलं नाही. आमच्यातलेच एक चाचा मागे वळून म्हणाले, "बैठ बेटा, अभी ये टाइम नहीं है." मुलगा बसला. चहा आला.

मी त्याच्यापासून चार खुर्च्या सोडून बसलो होतो. खरं सांगायचं तर मनातून मी चाचांच्याच बाजूचा होतो. मतदान तोंडावर आलंय, कशाला आत्ता विषय काढायचा? घरी चालत येताना मात्र डोक्यात हिशोब सुरू झाला. मग टाइम असतो तरी कधी?

निवडणुकीआधी विचारलं तर समोरच्या पक्षाचा फायदा होतो. निकाल लागल्यावर विचारलं तर अजून खातेवाटप व्हायचंय, जरा दम धरा. वर्षभराने विचारलं तर सरकार आधीच डळमळतंय, आपणच धक्का द्यायचा का? सरकार पडलं की आता त्या बिचाऱ्यांच्या हातात काय उरलंय? तोवर पुढची निवडणूक येते. माझ्या कामातही असंच होतं. ग्राहकाची एखादी तक्रार 'पुढच्या रिलीजला बघू' म्हणून तीनदा पुढे ढकलली की चौथ्या वेळी ती यादीतूनच नाहीशी होते. ती कुणी सोडवलेली नसते. विचारणारा दमलेला असतो, एवढंच.

त्या मुलाच्या प्रश्नामागच्या तारखा एकदा नीट बघायला हव्यात, कारण आज जे वीस-बावीस वर्षांचे आहेत ते तेव्हा शाळेत होते.

सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. त्यानंतर २००८ मध्ये महाराष्ट्र सरकारने निवृत्त सनदी अधिकारी महमूदुर रहमान यांच्या अध्यक्षतेखाली राज्यातल्या मुस्लिमांच्या स्थितीवर अभ्यासगट नेमला. त्याचा अहवाल यायला २०१३ उजाडलं. काँग्रेस-राष्ट्रवादी १९९९ पासून सलग सत्तेत होते. पण मुस्लिमांमधल्या मागास गटांना शिक्षण आणि नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण देण्याचा अध्यादेश त्यांनी काढला तो जुलै २०१४ मध्ये. मे महिन्यात लोकसभेला दाणादाण उडाली होती आणि विधानसभा तीन महिन्यांवर आली होती. पंधरा वर्षांत कायदा करायला वेळ मिळाला नाही, आणि शेवटच्या तीन महिन्यांत अध्यादेश मिळाला.

अध्यादेश म्हणजे कायदा नव्हे. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत सभागृहाने त्याचा कायदा केला नाही तर तो आपोआप संपतो. ऑक्टोबरमध्ये सरकार बदललं. नोव्हेंबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला आणि मुस्लिमांच्या नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण सरकारी आणि अनुदानित शिक्षणसंस्थांमधलं मुस्लिमांचं आरक्षण चालू ठेवायला परवानगी दिली. म्हणजे निदान प्रवेशापुरता दरवाजा उघडा होता. डिसेंबरच्या नागपूर अधिवेशनात फडणवीस सरकारने मराठा आरक्षणाचा कायदा केला, मुस्लिमांच्या अध्यादेशाचा केला नाही. मार्च २०१५ मध्ये उरलेला शासन निर्णयही रद्द झाला. माझ्या मामेबहिणीने आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला शोधून, तीन फेऱ्या मारून त्या प्रवर्गाचं प्रमाणपत्र काढलं होतं. ते अजून मामीच्या लोखंडी कपाटात, प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे.

त्या सरकारवर रागावायला कारणं पुष्कळ होती. पण त्यांनी आपल्याला फसवलं असं म्हणता येत नाही. धर्माच्या आधारावर आरक्षण देणार नाही असं ते आधीपासून म्हणत होते, आणि त्यांनी दिलं नाही.

माझा प्रश्न पुढच्या सरकारचा आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये महाविकास आघाडीचा शपथविधी झाला तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री बारापर्यंत मिठाईची चित्रं येत होती. मीही दोन टाकली. २८ फेब्रुवारी २०२० ला, जुम्म्याच्या दिवशी, अल्पसंख्याक विकास मंत्री नवाब मलिक यांनी विधान परिषदेत सांगितलं की शिक्षणात पाच टक्के मुस्लिम आरक्षण देणार आणि त्यासाठी लवकरच कायदा करणार. मुबारकबादचे मेसेज फिरले. चारच दिवसांनी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे म्हणाले की असा कुठला प्रस्ताव आपल्याकडे आलेलाच नाही.

इथे आपण थांबायला हवं होतं. प्रस्ताव आलेला नाही, तर तो कुणी पाठवायचा होता? खातं राष्ट्रवादीकडे. मंत्रिमंडळात काँग्रेस. २०१४ चा अध्यादेश काढणारे हे दोन्ही पक्ष त्याच टेबलाभोवती बसले होते. आपण काय केलं? मलिकसाहेबांचा व्हिडिओ फॉरवर्ड केला आणि ठाकरेंचं वाक्य 'गोदी मीडिया'चं कारस्थान म्हणून सोडून दिलं.

मार्चच्या शेवटी लॉकडाऊन लागला हे खरं. कोविडची दोन वर्षं कुठल्याही सरकारला सोपी नव्हती हेही खरं. पण २९ जून २०२२ ला, सरकार उघड उघड पडत असताना, मंत्रिमंडळाची शेवटची बैठक झाली आणि तिच्यात औरंगाबादचं संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव करण्याचा निर्णय झाला. नावांबद्दल तुमचं-माझं मत काहीही असो, मी वेळेबद्दल बोलतोय. मनात असलं तर शेवटच्या घटका मोजणारं सरकारसुद्धा एका बैठकीत प्रस्ताव आणून मंजूर करू शकतं, एवढं त्या दिवशी दिसलं. पाच टक्क्यांचा प्रस्ताव एकतीस महिन्यांत आला नाही.

कायद्याची अडचण होती, ती लपवायचं कारण नाही. ५ मे २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाचा कायदा रद्द केला आणि पन्नास टक्क्यांची मर्यादा पुन्हा ठामपणे सांगितली. त्यानंतर मुस्लिम आरक्षणाचा कायदा टिकवणं आणखी अवघड झालं असतं. मग तसं येऊन सांगायचं होतं. आम्ही इथवर गेलो, इथे अडलो, हे बघा कागद. असं कुणी मोहल्ल्यात येऊन म्हणालं असतं तर लोकांनी ऐकून घेतलं असतं. (आपलाही घोळ आहेच. आपण 'मुस्लिमांना आरक्षण' अशी घोषणा देतो, पण २०१४ चा निर्णय मुस्लिमांमधल्या ठरावीक मागास गटांसाठी होता. न्यायालयात टिकायचं असेल तर हाच फरक महत्त्वाचा ठरतो. आणि ओबीसीच्या यादीत जे मुस्लिम समूह आधीपासून आहेत, त्यांच्यातल्या किती मुलांकडे आज दाखला आहे? माझ्या ओळखीतल्या निम्म्यांकडे नाही.)

हे पहिल्यांदा झालेलं नाही. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीवरचा श्रीकृष्ण आयोग युती सरकारने जानेवारी १९९६ मध्ये गुंडाळला, मग दबाव आल्यावर मे महिन्यात पुन्हा सुरू केला. १९९८ मध्ये अहवाल आला तो त्यांनी फेटाळला. त्यांच्याकडून दुसरी अपेक्षा नव्हतीच. १९९९ च्या निवडणुकीत मात्र अहवालाची अंमलबजावणी करू असं वचन देऊन काँग्रेस आणि राष्ट्रवादीने मतं घेतली. पुढे पंधरा वर्षं तेच सत्तेत होते. सुलेमान उस्मान बेकरीच्या प्रकरणात २००३ मध्ये माजी पोलीस आयुक्त आणि काही पोलीस खटल्याआधीच आरोपमुक्त झाले, तेव्हा सरकार 'आपलं' होतं. त्या निर्णयाविरुद्ध वर दाद मागायला मात्र सरकार गेलं नाही. त्या घटनेतून वाचलेला मदरशाचा एक शिक्षक गेला, आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला तेव्हा दंगलीला तीस वर्षं होत आली होती. बेपत्ता झालेल्या १६८ माणसांपैकी १०८ जणांच्या कुटुंबांपर्यंत नुकसानभरपाई पोचली नव्हती आणि ९७ खटले सुप्त फायलींत पडून होते. नागरिकांचं रक्षण करण्यात राज्य कमी पडलं, असं न्यायालयाने म्हटलं. या तीस वर्षांत महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येक मोठ्या पक्षाला राज्य करायची संधी मिळाली. पहिल्या काही वर्षांचा दोष कुणाचा ते आपण पाठ म्हणून दाखवू शकतो. मधल्या पंधरा वर्षांचा हिशोब आपण कधी मागितला?

मला माहीत आहे, हे वाचून काही मित्र चिडतील. जिथे मोर्चांमधून आपल्या दुकानांवर बहिष्कार घालायची शपथ दिली जाते, जिथे फ्रीजमधल्या मटणावरून माणूस मारला गेला, तिथे आधी जीव वाचवायचा की आरक्षण विचारत बसायचं? भीती खोटी नाही. माझी अम्मी मी रेल्वेत असलो की तीनदा फोन करते. पण फक्त भीतीपोटी दिलेलं मत पक्षाला फार स्वस्तात पडतं. समोरचा भीतिदायक आहे एवढं दाखवलं की त्याचं काम झालं, स्वतः काही करावं लागत नाही. २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीने राज्यातल्या ४८ पैकी एकाही जागेवर मुस्लिम उमेदवार दिला नाही. एका ज्येष्ठ मुस्लिम काँग्रेस नेत्याने जाहीर नाराजी व्यक्त केली, दोन दिवस बातम्या झाल्या. आपण रांगा लावून मतं दिली. मीही दिलं, आणि पुन्हा तीच वेळ आली तर बहुधा पुन्हा देईन. पण मत दिलं म्हणजे तोंड बंद ठेवायचा करार केला, असं मी आता मानत नाही.

त्या सभेनंतर मी त्या मुलाला शोधून काढलं. मंत्रालयाचं राहू दे, गावातलं एखादं वचन घेऊ आणि त्याच्या मागे लागू, असं ठरलं. एप्रिल २०२२ मध्ये, तेव्हाचं सरकार असताना, इफ्तारला आलेल्या एका नेत्याने आमच्या उर्दू शाळेला दोन वर्गखोल्या देतो म्हणून माइकवरून सांगितलं होतं. व्हिडिओ होता. दोन महिन्यांत सरकार गेलं आणि खोल्याही गेल्या. तिसरी-चौथीची मुलं एकाच खोलीत, फळ्याकडे पाठ करून बसतात.

माहिती अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपये फी, दीडशे शब्दांची मर्यादा, एकच विषय. तिसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: अशा आशयाचा प्रस्ताव या कार्यालयास प्राप्त नाही.

ते वाचून आम्ही दोघंही हसलो. मग चौकशी केली तेव्हा कळलं की सुरुवात आमच्याच गल्लीतून व्हायला हवी होती. शाळा व्यवस्थापन समितीने ठराव करायचा, तो मुख्याध्यापकांनी वर पाठवायचा, मग तो गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेत जातो. समितीची बैठकच वर्षभर झाली नव्हती, आणि समितीत बसलेले सगळे आपलेच, दोघं तर माझे नातेवाईक. ठराव झाला ऑगस्टमध्ये.

त्याची प्रत घेऊन आम्ही वचन देणाऱ्या नेत्याकडे गेलो. ते म्हणाले, आता आम्ही विरोधात आहोत. म्हटलं, विरोधात असलेल्यालाही पत्र लिहिता येतं. त्यांनी लिहून दिलं. दुसरी प्रत घेऊन ज्या पक्षाला मोहल्ल्यातून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मतं पडतात त्या पक्षाच्या लोकप्रतिनिधीकडे गेलो. यावरून मशिदीबाहेर बोलणं झालं. सभेतलेच चाचा म्हणाले, "उनके पास काय को गए?" मुलगा म्हणाला, "चाचा, वोट नहीं दिया तो भी पगार तो अपने टैक्स का लेते ना." चाचांनी पान थुंकलं आणि हसले.

जे सरकार आपण निवडलं नाही त्यालाही विचारायचं असतं, हे तो मुलगा माझ्याआधी शिकला. बार्टी, सारथी, महाज्योतीच्या धर्तीवर अल्पसंख्याकांसाठी मार्टी ही संस्था राज्य मंत्रिमंडळाने २०२४ मध्ये मंजूर केली. तिथे किती पदं भरली, किती विद्यार्थ्यांना किती रुपये मिळाले, हे विचारायला दहा रुपयेच लागतात. त्याचा पुढचा अर्ज तोच आहे. मसुदा मला पाठवला होता, एकशे बासष्ट शब्द झाले होते, बारा कमी करायला सांगितले.

शाळेची एक खोली मंजूर झाली. जोत्यापर्यंत काम आलंय आणि तिथे थांबलंय, ठेकेदार म्हणतो बिल अडकलंय. दुसऱ्या खोलीचा पत्ता नाही. मुलाने शंभर पानी वही केली आहे. डाव्या पानावर कोण, कुठे, कोणत्या तारखेला काय म्हणालं, आणि उजव्या पानावर पुढे काय झालं. उजवी पानं बरीच कोरी आहेत. मागच्या महिन्यात चाचांनी ती वही मागून घेतली आणि चष्मा लावून बराच वेळ वाचली. परत देताना म्हणाले, १९९९ ला आमच्या चौकात कोण काय बोलून गेलं होतं ते मला अजून आठवतं, लिहून घे.